यशाची शक्यता किती, आणि यश म्हणजे काय?

2020 साली फायझर आणि बायोएनटेक यांनी कोविडच्या लशीची मोठी चाचणी घेतली, तेव्हा तिच्या आराखड्यात 0.700102 असा एक आकडा होता. लशीबद्दल चाचणीआधी काय वाटतं, ते या आकड्यातून मांडलेलं होतं: लस साधारण 30 टक्के परिणामकारक ठरेल, पण या अंदाजावर फार विसंबू नये. त्या अंदाजाला हिशेबात दिलेलं वजन दोन रुग्णांच्या माहितीइतकंही नव्हतं. पुढे 43 हजारांहून अधिक लोकांना लस किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन, टोचलं गेलं. मुख्य हिशेबात कोविडचे 170 रुग्ण धरले गेले, त्यांपैकी 162 प्लासिबो घेतलेले आणि 8 लस घेतलेले. आधीचा अंदाज या माहितीपुढे जवळजवळ पुसला गेला. परिणामकारकता 95 टक्के निघाली, आणि ती 90.3 ते 97.6 टक्क्यांच्या दरम्यान असण्याची संभाव्यता 95 टक्के ठरली.

हे गणित थॉमस बेझ या इंग्रज धर्मगुरूच्या नावानं चालतं. बेझ 1761 मध्ये वारले. त्यांचा निबंध त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी 1763 साली रॉयल सोसायटीपुढे आणला. मूळ विचार असा: आधी काय वाटत होतं ते आकड्यात लिहायचं, मग हाती आलेल्या माहितीनं ते मत दुरुस्त करायचं, आणि पुन्हा नवी माहिती आली की पुन्हा दुरुस्त करायचं. आधीच्या मताला या क्षेत्रातले लोक ‘प्रायर’ म्हणतात.

औषधं तयार करणाऱ्यांना या गणिताची ओढ का वाटावी, ते एका आकड्यातून कळतं. ‘बायो’ या अमेरिकी उद्योगसंघटनेच्या पाहणीनुसार, 2011 ते 2020 या काळात माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात उतरलेल्या औषधांपैकी बाजारात येण्याची परवानगी मिळण्याचं प्रमाण 7.9 टक्के होतं. सर्वांत मोठी गळती दुसऱ्या टप्प्यात होते. तो ओलांडून पुढे जाणारी औषधं 28.9 टक्केच. तिसऱ्या टप्प्यात हजारो रुग्ण, अनेक वर्षं आणि प्रचंड पैसा लागतो. म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस प्रत्येक कंपनीपुढे एकच प्रश्न असतो: पुढची चाचणी यशस्वी होईल का?

त्याचं उत्तर बेझच्या वाटेनं काढावं का, यावर संख्याशास्त्रात जुना वाद आहे. तो समोरासमोर यावा म्हणून या लेखात दोन माणसं कल्पिली आहेत. एक, पुण्यात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, जी आता औषधचाचण्यांचे आराखडे करते. माणसं कल्पित आहेत. ती ज्या चाचण्यांबद्दल बोलतात त्या प्रत्यक्षात झालेल्या आहेत.

“लशीचं उदाहरण मला देऊ नकोस,” सरांनी सुरुवातीलाच बजावलं. “162 विरुद्ध 8 असा निकाल आला तर कुठल्याही पद्धतीनं तोच दिसेल. मॉडर्नानं जुन्या वाटेनं हिशेब केला. 185 विरुद्ध 11, परिणामकारकता 94.1 टक्के. पद्धतीचा कस लागतो तो उत्तर धूसर असताना.”

“मग धूसर ठिकाणीच जाऊ या, सर,” ती म्हणाली. “तिसऱ्या टप्प्याच्या आराखड्यात लिहिलेलं असतं, पॉवर 90 टक्के. संचालकांच्या बैठकीत याचा अर्थ लावला जातो की यशाची शक्यता 90 टक्के आहे.”

“तो अर्थ चुकीचा आहे. औषधाचा अपेक्षित परिणाम खरोखर असेल, तर तो चाचणीत पकडला जाण्याची शक्यता 90 टक्के. त्यातला ‘तर’ महत्त्वाचा.”

“आणि त्या ‘तर’ची शक्यता किती, हे जुन्या पद्धतीत कुणी विचारतच नाही. समजा, दुसऱ्या टप्प्याची माहिती पाहून बाहेरच्या तज्ज्ञांना वाटलं, की औषधाचा पूर्ण अपेक्षित परिणाम असण्याची शक्यता 40 टक्के, निम्माच परिणाम असण्याची 30 टक्के, आणि काहीच परिणाम नसण्याचीही 30 टक्के. रुग्णसंख्या तीच ठेवली, तर पूर्ण परिणाम असताना यश 90 टक्के, निम्मा असताना सुमारे 37 टक्के, आणि औषध निरुपयोगी असलं तरी योगायोगानं अडीच टक्के. प्रत्येकाला त्याच्या शक्यतेनं गुणा आणि बेरीज करा. 36, अधिक 11, अधिक पाऊण. एकूण जवळपास 48 टक्के.”

अशा हिशेबाची मांडणी डेव्हिड स्पीगलहाल्टर आणि लॉरेन्स फ्रीडमन यांनी 1986 साली केली होती. 2005 मध्ये अँथनी ओ’हेगन आणि सहकाऱ्यांनी तिला ‘ॲश्युरन्स’ या नावाखाली नीट बांधून दिलं. 90 टक्के ऐकून गुंतवलेला पैसा आणि 48 टक्के ऐकून गुंतवलेला पैसा यांत मोठा फरक आहे. 48 ऐकल्यावर कंपनी आधी आणखी एक लहान चाचणी करायचं ठरवू शकते, मात्रा बदलू शकते, किंवा ते औषध सोडून दुसऱ्याकडे वळू शकते.

सरांचा आक्षेप गणितावर नव्हता. “40-30-30 कुणी ठरवलं? बाहेरच्या तज्ज्ञांनी, असं तू म्हणतेस. उद्या कंपनीच्याच माणसांनी 70-20-10 ठरवलं तर? निव्वळ योगायोगानं असा निकाल येण्याची शक्यता किती चालवून घ्यायची, यासाठी रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात विसातून एकदा, म्हणजे 0.05, ही मर्यादा रुजवली. तिच्यात शंभर दोष आहेत, पण एक गुण आहे. ती कुणाच्या आशेवर हलत नाही. अमेरिकेत 1962 चा कायदा आला तो थॅलिडोमाइड या औषधानं माजवलेल्या हाहाकारानंतर. औषध सुरक्षित आहे एवढं दाखवून भागणार नाही, ते गुणकारी आहे हे नियंत्रित चाचण्यांतून सिद्ध करा, असं त्या कायद्यानं पहिल्यांदा सांगितलं. त्याआधी डॉक्टरांच्या प्रशस्तिपत्रांवर औषधं खपत होती. प्रायरच्या दारातून तीच प्रशस्तिपत्रं परत आत यायला नकोत.”

“पण सर, आशा जुन्या पद्धतीतही असतेच. अपेक्षित परिणाम किती धरायचा, हे कंपनीच ठरवते आणि त्यावरून रुग्णसंख्या काढते. तिथे ती 100 टक्के खात्री धरून चालते. फक्त ती खात्री कुठे लिहिलेली नसते. मी ती लिहायला लावते.”

सर थोडं थांबून म्हणाले, “दुसऱ्या टप्प्याच्या आकड्यांवर किती विसंबायचं, हाही प्रश्न आहे. शाळेतली पूर्वपरीक्षा घे. पूर्वपरीक्षेत जी मुलं पहिली येतात, त्यांतल्या काहींना त्या दिवशी नेमका येत असलेला पेपर पडलेला असतो. बोर्डात त्यांचे गुण खाली येतात. औषधांचंही तसंच. दुसऱ्या टप्प्यात जे चमकलं तेवढंच आपण पुढे पाठवतो, म्हणजे योगायोगाचा लाभ झालेलं आपणच निवडतो.”

“म्हणूनच प्रायर हवा,” ती लगेच म्हणाली. “त्या आजारातली याआधीची औषधं किती वेळा पडली, हे प्रायरमध्ये असलं की चमकदार आकडा आपोआप खाली ओढला जातो. अवघ्या 40 रुग्णांवरचा मोठा परिणाम मी जसाच्या तसा खरा धरत नाही.”

इथवर दोघं एकमेकांच्या जवळ येत होती. सरांनी आता खरा वार केला.

“आय-स्पाय 2 सांग.”

आय-स्पाय 2 ही स्तनाच्या कर्करोगावरची अमेरिकी चाचणी 2010 मध्ये सुरू झाली. लॉरा एसरमन या शल्यविशारद आणि डोनाल्ड बेरी हे संख्याशास्त्रज्ञ तिच्या मुळाशी होते. शस्त्रक्रियेआधी वेगवेगळी औषधं द्यायची, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ पूर्ण नाहीशी झाली आहे का ते पाहायचं. एकाच चाचणीत अनेक औषधं तपासली जातात. मिळत जाणाऱ्या निकालांनुसार नव्या रुग्णाला, तिच्या गाठीच्या प्रकारात जे औषध चांगलं चाललंय ते मिळण्याची शक्यता वाढवली जाते. एखाद्या गाठप्रकारात, 300 रुग्णांच्या पुढच्या चाचणीत यश मिळण्याची बेझियन संभाव्यता 85 टक्क्यांपर्यंत पोचली, की ते औषध उत्तीर्ण. सगळ्या प्रकारांत ती 10 टक्क्यांच्या खाली गेली, की बाहेर.

“व्हेलिपॅरिब आणि कार्बोप्लॅटिन,” सर म्हणाले. “ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात नेहमीच्या उपचारानं गाठ नाहीशी होण्याचं अनुमान 26 टक्के, ही जोडी दिली की 51 टक्के. 2016 साली ते प्रसिद्ध झालं. पुढच्या चाचणीतल्या यशाची संभाव्यता किती सांगितली होती?”

“88 टक्के.”

“आणि 2018 मध्ये ब्राइटनेस चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. 634 रुग्ण. नेहमीचं पॅक्लिटॅक्सेल एकटं दिलेल्यांत 31 टक्के. कार्बोप्लॅटिन आणि व्हेलिपॅरिब दोन्ही जोडलेल्यांत 53 टक्के. आणि व्हेलिपॅरिब वगळून फक्त कार्बोप्लॅटिन जोडलेल्यांत 58 टक्के. म्हणजे ज्या नव्या औषधासाठी हा खटाटोप चालला होता, त्यानं काहीच भर घातली नाही. जुन्या, स्वस्त कार्बोप्लॅटिननं सगळं काम केलं.”

तिनं सारवासारव केली नाही. “जोडी नेहमीच्या उपचाराला हरवेल, हे भाकीत होतं, आणि ते खरं ठरलं. 53 विरुद्ध 31. पण आय-स्पाय 2 मध्ये फक्त कार्बोप्लॅटिन घेणारा गट नव्हता. त्यामुळे व्हेलिपॅरिबचा स्वतःचा वाटा किती, हे तिथून कळणं शक्यच नव्हतं. गणितानं दिलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं. प्रश्न अपुरा होता.”

“मग 88 हा आकडा कुठल्या प्रश्नाचा आहे, हे त्याच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.”

“हवंच होतं.”

या वादातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. संभाव्यतेचा आकडा जितका नेमका, तितका त्याचा दरारा मोठा. 88 टक्के ऐकताना वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतं, ‘म्हणजे व्हेलिपॅरिब चालतं’. आकडा तसं म्हणत नव्हता. यश म्हणजे काय, हे आधी ठरवलं नाही, तर यशाची शक्यता कितीही काळजीपूर्वक काढली तरी ती माणसांची दिशाभूल करते. तुलनेसाठी कुठला गट घ्यायचा, हे ठरवणं प्रायर ठरवण्याइतकंच गंभीर काम आहे, आणि ते काम कुठलंही गणित आपल्यासाठी करून देत नाही.

तिच्याकडेही सरांसाठी एक उदाहरण होतं. अल्झायमर्सवरचं लेकानेमॅब. त्याचा दुसरा टप्पा बेझियन पद्धतीचा होता: 856 रुग्ण, पाच वेगवेगळ्या मात्रा आणि प्लासिबो. अट अशी, की 12 महिन्यांनी आजारामुळे होणारा ऱ्हास प्लासिबोपेक्षा किमान 25 टक्क्यांनी मंदावला असण्याची संभाव्यता 80 टक्के असली पाहिजे. आली 64. डिसेंबर 2017 मध्ये एसाय आणि बायोजेन या कंपन्यांनी निकष गाठला गेला नसल्याचं जाहीर केलं.

“वर्तमानपत्रांच्या भाषेत चाचणी ‘नापास’ झाली,” ती म्हणाली. “पण 64 टक्के म्हणजे शून्य नव्हे, सर. अजून सहा महिन्यांची माहिती यायची होती. 18 महिन्यांनी सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटात ऱ्हास कमी दिसला, आणि तिसरा टप्पा घ्यायचं ठरलं. 1,795 रुग्ण, 18 महिने. 2022 मध्ये निकाल आला, ऱ्हास 27 टक्क्यांनी कमी, आणि तुमची पी-व्हॅल्यू, म्हणजे फिशर यांच्या 0.05 शी ताडून पाहायचा आकडा, 0.001 पेक्षाही खाली. पास-नापास एवढंच पाहिलं असतं, तर हे औषध 2017 मध्येच संपलं असतं.”

सरांनी दोन गोष्टी पुढे केल्या. पहिली दुसऱ्या टप्प्याबद्दल. अल्झायमर्सचा धोका वाढवणारा एपीओई-4 हा जनुकप्रकार असलेल्या रुग्णांना सर्वांत मोठी मात्रा देऊ नये, असं युरोपातल्या नियंत्रकांनी चाचणी चालू असतानाच सांगितलं. परिणामी त्या मात्रेच्या गटात असे रुग्ण 30 टक्के उरले, प्लासिबोच्या गटात मात्र 71 टक्के. दोन्ही गट सारखे राहिले नाहीत, आणि फरक औषधाचा की जनुकांचा, ही शंका अनेक वर्षं रेंगाळली. “ती शंका 64 टक्क्यांनी फिटली नाही. ती फिटली तिसऱ्या टप्प्याच्या सरळ, साध्या वाटणीनं.”

दुसरी गोष्ट यशाबद्दलच होती. “27 टक्के म्हणजे 18 गुणांच्या मापनात सरासरी 0.45 गुणांचा फरक. आणि औषध घेतलेल्यांपैकी 12.6 टक्क्यांच्या मेंदूत सूज स्कॅनवर दिसली, प्लासिबोत 1.7 टक्के. आईला अजून किती महिने माझं नाव आठवेल, हे मुलीला जाणून घ्यायचं असतं. तुझी संभाव्यता त्याबद्दल बोलते का?”

“पी-व्हॅल्यू तरी बोलते का, सर? उलट 25 टक्क्यांच्या जागी, कुटुंबाला जाणवेल एवढा फरक पडण्याची संभाव्यता किती, असं मी विचारू शकते. किती फरक जाणवेल, हे मात्र रुग्ण आणि त्यांची माणसं यांना विचारूनच ठरवावं लागेल.”

मग तिनं त्याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाची आठवण दिली. मार्च 2019 मध्ये बायोजेननं अड्युकॅन्युमॅबच्या तिसऱ्या टप्प्यातल्या दोन जुळ्या चाचण्या मध्येच थांबवल्या, कारण मधल्या आढाव्यात यशाची आशा उरलेली दिसली नाही. तो हिशेब पारंपरिक पद्धतीचा होता, आणि दोन्ही चाचण्यांत औषधाचा परिणाम सारखाच असेल, असं त्यात गृहीत धरलं होतं. नंतरची माहिती जमेला धरल्यावर एक चाचणी परिणाम दाखवत होती, दुसरी दाखवत नव्हती. सल्लागार समितीचं मत विरोधात असताना 2021 मध्ये त्या औषधाला अमेरिकेत त्वरित मंजुरी मिळाली, आणि 2024 मध्ये कंपनीनं ते बंद करत असल्याचं सांगितलं. “भाकीत करायचं म्हटलं की गृहीतक आलंच,” ती म्हणाली. “ते उघड ठेवायचं की झाकून, एवढीच निवड आपल्या हातात असते.”

पुण्यात या वादाची मुळं खोल आहेत. विसाव्या शतकात बेझची बाजू नेटानं लढवणाऱ्यांत केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज अग्रभागी होते; 1930 च्या दशकात त्यांचा आणि फिशर यांचा छापील वाद गाजला. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी जेफ्रीज यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, आणि परतल्यावर पन्नासच्या दशकात पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचं शिक्षण उभं केलं. त्या मातीत पुढे एक उद्योगही वाढला. सायरस मेहता आणि नितीन पटेल यांनी 1987 मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या सायटेल कंपनीचं मोठं केंद्र पुण्यात आहे. चाचण्या मधल्या आढाव्यानुसार बदलता येतील असे आराखडे करणं, हे तिचं एक महत्त्वाचं काम. जगातल्या अनेक चाचण्यांचे हिशेब या शहरात होतात.

त्या दोघांच्या वादात सरांचा विरोध सर्वांत मऊ झाला तो लहान मुलांच्या विषयावर. ल्युपस या आजारावरचं बेलिम्युमॅब प्रौढांसाठी मंजूर होतं. मुलांमध्ये हा आजार विरळा, त्यामुळे त्यांच्या चाचणीत 93 जणच मिळाले. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे 53 टक्क्यांना गुण आला, प्लासिबोत सुमारे 44 टक्क्यांना. एवढ्या थोड्या मुलांवर हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असंच जुनं गणित म्हणणार. अमेरिकी नियंत्रक संस्थेनं तेव्हा प्रौढांच्या चाचण्यांतली माहिती बेझियन पद्धतीनं जोडून पाहिली. प्रौढांच्या माहितीवर किती भरवसा ठेवला तर मुलांतही औषध गुणकारी आहे असं म्हणता येईल, हे त्यांनी काढलं: सुमारे 55 टक्के किंवा अधिक. आजार दोन्ही वयांत सारखाच वागतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. तेवढा भरवसा रास्त वाटला. 2019 मध्ये पाच वर्षं आणि त्यावरच्या मुलांसाठी औषध मंजूर झालं.

“हे मला पटतं,” सर म्हणाले. “कारण त्यांनी निष्कर्ष सांगण्याआधी, तो कितपत गृहीतकावर टेकलेला आहे हे सांगितलं. 55 टक्के भरवसा ज्याला जास्त वाटेल, त्याला नाही म्हणायची मोकळीक ठेवली. आणखी शेकडो आजारी मुलं प्लासिबोवर ठेवणं, हा त्याला पर्याय होऊ शकत नाही.”

“आपल्याकडे याची गरज अधिकच आहे, सर. 2019 च्या औषधचाचणी नियमांत, देशात पाच लाखांहून अधिक लोकांना न होणाऱ्या आजारावरचं औषध म्हणजे ‘ऑर्फन ड्रग’ अशी व्याख्या आहे. त्यातल्या कित्येक आजारांसाठी हजार रुग्णांची चाचणी कधीच होणार नाही.”

“मग माझ्या अटी लिहून घे. प्रायर चाचणीआधी नोंदवलेला हवा, आणि तो कंपनीबाहेरच्या माणसांनी तपासलेला हवा. संशयी माणसाचा प्रायर घेतला तर काय दिसतं, हेही त्याच कागदावर हवं. आणि यश म्हणजे काय, कुणाच्या तुलनेत, हे आकड्याच्या आधी.”

सगळ्या अटी तिला मान्य होत्या. मात्र पुढे कुठली चाचणी घ्यायची ते ठरवताना बेझ चालेल, पण नेहमीच्या आजारावर औषधाला अखेरची मंजुरी देताना जुनी मर्यादाच हवी, हे सरांचं म्हणणं तिनं मानलं नाही. फायझरची लस बेझियन निकषावरच तपासली गेली, हे तिनं दाखवून दिलं.

“बरं, एक सांग,” सरांनी विचारलं. “तुझे ते 48 टक्के संचालकांना कळतात. संमतिपत्रकावर सही करणाऱ्या बाईला कळतात का?”

“नाही.”

“का नाही?”

“कारण तिचा गोंधळ होईल. चाचणी यशस्वी होण्याची शक्यता आणि तिला गुण येण्याची शक्यता वेगळ्या आहेत. चाचणी यशस्वी झाली तरी ती प्लासिबोच्या गटात असू शकते. औषधाच्या गटात असूनही तिला फरक पडला नाही, असंही होईल.”

“म्हणजे यश कुणाचं, हा प्रश्न तिथेही आहेच. मग मराठीत दोन वाक्यं लिही. या चाचणीत औषधाचा उपयोग दिसून येईल का, याबद्दल जाणकारांनाही जवळपास निम्मी शंका आहे. आणि उपयोग झाला, तरी तो तुम्हाला होईलच असं नाही. शरीर तिचं पणाला लागणार आहे.”

ती विचारात पडली. आकडा प्रायरवर अवलंबून असतो, तो एकट्यानं संमतिपत्रकात गेला तर हमी वाटेल किंवा धमकी, असं तिला वाटत होतं. बराच वेळ दोघं त्या दोन वाक्यांवर बोलत राहिली. प्रत्येक मोठ्या चाचणीआधी यशाची संभाव्यता, ती कशावरून काढली आणि यश कशाला म्हटलं आहे, हे तिन्ही रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीपुढे गेलंच पाहिजे, यावर त्यांचं एकमत झालं. तो आकडा रुग्णाच्या हातातल्या कागदावर छापावा की नाही, यावर झालं नाही.